दांडा फिरवता फिरवता : छावणीतल्या जुन्या बंगल्यात आइस्क्रीमची संध्याकाळ

साठ-सत्तरच्या दशकात ज्यांच्या घरी उन्हाळ्यात आइस्क्रीमचं पॉट यायचं, त्यांना एकदा विचारून पाहा. आइस्क्रीम कसं लागलं हे त्यांना धड सांगता येत नाही. बर्फाची लादी सायकलच्या कॅरियरवर गोणपाटात गुंडाळून कोणी आणली, मीठ कमी पडल्यावर वाण्याकडे कोण पळालं, दांडा फिरवताना कोणत्या काकांनी अर्ध्यावर अंग काढून घेतलं, हे मात्र लख्ख आठवतं. आणि एकदा आठवायला लागलं की माणूस आइस्क्रीमवर थांबत नाही. शेजारी कोण राहायचं, घर कोणाकडून घेतलं, पलीकडच्या माळावर काय होतं, सगळं निघतं.

औरंगाबादच्या छावणीतल्या एखाद्या जुन्या बंगल्यात मुद्दाम अशी संध्याकाळ घडवायची असेल, तर काय काय करावं लागेल ते इथे सांगतो. अमेरिकेत गावोगावची इतिहास मंडळं उन्हाळ्यात जुन्या घराच्या अंगणात ‘आइस्क्रीम सोशल’ भरवतात. लोक येतात, खातात, घर हिंडून पाहतात, डागडुजीसाठी चार पैसे देऊन जातात. कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे ती आणताना पहिल्याच पायरीवर घसरायची भीती असते, ती अशी की कोणीतरी पन्नास तयार कप मागवतो, कोणीतरी प्रमुख पाहुणे ठरवतो, माइक येतो आणि पाऊण तासाच्या भाषणात कप वितळून जातात. तसं करायचं असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. इथे सगळी मदार पॉटवर आहे. ते फिरवायला अर्धा तास लागतो, आळीपाळीनं माणसं लागतात आणि हात गुंतलेले असले की तोंड मोकळं सुटतं.

आधी घर आणि परवानगी. घरमालक तुमचा मित्र असला तरी तेवढ्यावर भागत नाही. देशभरच्या छावण्यांत कित्येक बंगले ‘ओल्ड ग्रँट’ या जुन्या पद्धतीचे आहेत. त्यांत जमीन सरकारची, वरचं बांधकाम भोगवटादाराचं. घरगुती गेट-टुगेदर असेल तर प्रश्न येत नाही, पण बाहेरची पन्नास-साठ माणसं, मंडप, लाउडस्पीकर असेल तर छावणी परिषदेला आणि छावणी पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं. छावण्यांमधला नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं काम सध्या देशभर चाललेलं आहे, म्हणून अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा हे त्या आठवड्यात चौकशी करूनच ठरवा, गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. आणि ही लष्करी वस्ती आहे. लष्करी इमारती, फाटकं, तंबू यांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन उडवायचं तर नावच नको. हे निमंत्रणातच लिहून टाका, म्हणजे त्या दिवशी कोणाला टोकावं लागत नाही.

वार गुरुवार नको. छावणीचा आठवडी बाजार त्या दिवशी असतो, जनावरांचे टेम्पो आणि गर्दी यांतून बर्फाची गाडी काढणं कठीण. महिना म्हणाल तर सगळे एप्रिल-मे सुचवतील. माझं मत वेगळं आहे. चाळीस अंशांच्या उन्हात बर्फ डोळ्यांदेखत पाणी होतो आणि म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत. म्हातारी माणसं नसतील तर मग काय, नुसतं आइस्क्रीमच खायचं? ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरा. संध्याकाळ गार झालेली असते आणि वेरूळच्या रस्त्याला दौलताबादपाशी सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. सीताफळासाठी या भागाइतकी चांगली जागा दुसरी नाही. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह गाठायचा असेल तर फळाची शेवटची खेप मिळेल, पण गर आधीच काढून फ्रीझरमध्ये ठेवून द्या.

आता इतिहास. भाषण ठेवायचं नसलं तरी यजमानाला चार गोष्टी पक्क्या माहीत हव्यात, नाहीतर गप्पा ‘इंग्रजांच्या काळी सगळं कसं शिस्तीत होतं’ या वाक्यापाशी येऊन अडकतात.

पहिली गोष्ट, ही छावणी ब्रिटिश मुलखात नव्हती. निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज होती, जिला पुढे हैदराबाद कंटिन्जन्ट म्हणू लागले, तिचं हे एक ठाणं. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, ही तिची आणखी ठाणी. फौजेचा खर्च निजामानं सोसायचा. तो थकत गेला आणि १८५३ च्या तहात त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं. म्हणजे छावणीतल्या बंगल्यांच्या विटांचा हिशोब थेट अमरावती-अकोल्याच्या कापसाशी जाऊन भिडतो. वऱ्हाडातले पाहुणे आले असतील तर हे जरूर सांगा, त्यांना राग येईल आणि गप्पा रंगतील.

दुसरी, फिलिप मेडोज टेलर. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली गाजली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. १८२४ मध्ये मिसरूडही न फुटलेला हा मुलगा निजामाच्या फौजेत रुजू व्हायला आला तो इथेच, औरंगाबादला. पुढची बहुतेक नोकरी त्यानं दख्खनमध्येच केली, इथल्या भाषा शिकला.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, जून १८५७. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला आपल्याला नेणार अशी कुजबुज इथल्या पहिल्या घोडदळात पसरली आणि स्वारांनी नकार दिला. जनरल वुडबर्नची फौज येऊन धडकली. मीर फिदा अली या दफेदारानं कॅप्टन अ‍ॅबट या आपल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. ती लागली नाही, पण फिदा अलीला फासावर चढवलं. बाकीच्यांपैकी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. शहरातल्या काळ्या चबुतऱ्याला आज क्रांती चौक म्हणतात तो याच माणसांमुळे. छावणीतल्या बंगल्यात बसून आइस्क्रीम खाताना हे एकदा तरी बोललं जावं. मूड जातो म्हणून टाळणारे यजमान मी पाहिले आहेत. मूड जात नाही. पॉट फिरवणारा हात क्षणभर थांबतो, एवढंच, आणि मग कोणीतरी आजोबांकडून ऐकलेलं काहीतरी सांगायला लागतं.

यापुढचं घाईत सांगितलं तरी चालेल. १९०० च्या सुमाराला मनमाडहून मीटर गेज रेल्वे आली. १९०३ मध्ये कंटिन्जन्ट मोडून ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा शहरात आल्या आणि निजामी संपली. छावणीला लागूनच बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झालं आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते नागसेनवनातल्या इमारतीची पायाभरणी झाली. मिलिंदच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला कोणी विद्यार्थी हयात असेल, त्याची मुलं-नातवंडं असतील, तर त्यांना बोलावणं ही या कार्यक्रमाची निम्मी कमाई समजा.

आता पॉट. भाड्यानं मिळालं तर उत्तम. जुन्या बाजारात विकतही मिळतं, पण आतला डबा नीट पाहून घ्या. जस्ताचा पत्रा असेल तर दुधाला वापरू नका. तांब्या-पितळेचा असेल तर कल्हई करून घ्या. स्टीलचा डबा सगळ्यांत बिनघोर. रचना साधी आहे. लाकडी बादली, तिच्यात डबा, डब्यात लाकडी पातं आणि वर दातेरी चाकं बसवलेला दांडा. हा दांडा अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईची कल्पना, पेटंट १८४३ चं. मुंबईच्या बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासून चालत आलेल्या ताज आइस्क्रीममध्ये अशा पॉटला संचा म्हणतात. हैदराबादेत मोअज्जमजाही मार्केटला अजून पॉट आइस्क्रीम खाऊन माणसं तृप्त होतात. आपला भाग १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता, म्हणून पॉट हा शब्द आपल्याला परका वाटत नाही.

लाकडी बादली आदल्या रात्री पाण्यानं भरून ठेवायला विसरू नका. लाकूड फुगलं की फटी बुजतात. मी एकदा विसरलो होतो. बादलीनं चारी बाजूंनी धारा सोडल्या आणि पाहुण्यांनी त्यालाच कारंजं म्हणून टाळ्या दिल्या.

पाच लिटरच्या डब्यात साडेतीन लिटरच्या वर मिश्रण भरू नका. फिरवताना हवा शिरते, मिश्रण फुगतं आणि जास्त भरलं तर झाकणातून वर येतं. दोन मोठे डबे असतील तर शंभर माणसांनाही पुरतं, कारण एका डब्यात वाटीला दोन-दोन चमच्यांच्या हिशोबानं पन्नासएक वाट्या निघतात. प्रमाण एका डब्याचं सांगतो. म्हशीचं दूध अडीच लिटर घ्या आणि मंद आचेवर दोन लिटरवर आणा. साखर चारशे ते साडेचारशे ग्रॅम. तीन चमचे कॉर्नफ्लॉर गार दुधात कालवून उकळत्या दुधात सोडा आणि पाच मिनिटं ढवळत राहा. खाली उतरवून अर्धा लिटर साय किंवा क्रीम मिसळा. हे रात्रभर फ्रिजमध्ये गारठू द्या, कोमट मिश्रण पॉटमध्ये ओतलंत तर अर्धा बर्फ त्यालाच थंड करण्यात संपतो. सीताफळाचा गर अर्धा ते पाऊण किलो लागतो. तो दुधात शिजवायचा नाही, शिजला की कडू होतो. फिरवताना आइस्क्रीम दाटायला लागलं की झाकण उघडून तेव्हा घालायचा. बिया काढायला दोन माणसं आणि एक चाळणी लागते, मिक्सर लावू नका, बी फुटली तर सगळा डबा वाया. पाहुण्यांत कच्च्या अंड्यावाल्या कृतीची आठवण काढणारे भेटतील. ऐकून घ्या, करू नका.

बर्फ एका डब्याला आठ ते दहा किलो. त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं जाडं मीठ, म्हणजे सव्वा ते पावणेदोन किलो. मिठाचं काम समजून घेतलं की हात चुकत नाही. गोड दूध शून्याच्या खाली अडीच-तीन अंशांना गोठायला सुरुवात करतं आणि नुसता बर्फ शून्यावरच वितळतो, म्हणून नुसत्या बर्फात ते कितीही वेळ ठेवलं तरी गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधाकडून ओढून घेतो. म्हणून घाबरू नका, बर्फ वितळायलाच हवा. मीठ अतोनात घातलं तर थंडी उणे वीसपर्यंत जाते. ऐकायला छान वाटतं, पण डब्याच्या कडेला दगडासारखा थर धरतो आणि आत पातळ राहतं. बर्फाचा एक थर, वर मीठ, पुन्हा बर्फ, असं डब्याच्या झाकणाच्या चार बोटं खालपर्यंत भरा. बादलीच्या बाजूला एक भोक असतं. ते बुजू देऊ नका, नाहीतर मिठाचं पाणी चढून झाकणातून आत जातं आणि मग खारट आइस्क्रीम खात सगळे एकमेकांकडे पाहत बसतात.

बर्फाबाबत एक सावधगिरी. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देणं सक्तीचं आहे. बादलीत तसला बर्फ चालेल, डब्याच्या आत तो जात नाही. पण मुलं लहान असतील तर ती बादलीतला खडा तोंडात टाकणारच. मुलांच्या सरबतासाठी खाद्य बर्फ वेगळ्या भांड्यात ठेवा, भांड्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि एका मोठ्या माणसाला राखणीला बसवा.

याच मिठाशी जुन्या घराचं वैर आहे. पॉट फिरवून झाल्यावर दहा-बारा लिटर खारं पाणी उरतं. ते व्हरांड्यात ओतू नका, भिंतीच्या पायथ्याशी तर नाहीच. चुन्याच्या जुन्या भिंतीत खारं पाणी जिरलं की ती सुकताना लोणा धरते, गिलावा सोलून पडतो आणि मग पुढची दहा वर्षं घरमालक तुमच्या नावानं बोटं मोडतो. चिंचेच्या, कडुनिंबाच्या मुळाशीही नको. बादलीखाली मोठं टोपलं किंवा टब ठेवा आणि पाणी गटारात सोडा. लोण्याची गंमत म्हणजे, जुन्या भिंतींवर फुलणारा सोरा हाच एके काळचा फ्रिज होता. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलं आहे, सोरामीठ घातलेल्या पाण्यात पाण्याची सुरई फिरवून अकबरासाठी पाणी गार करत. पुढे लाहोरला दरबार गेल्यावर हिमालयातला बर्फ येऊ लागला. साहेबांच्या काळात मात्र कलकत्त्याला १८३३ साली थेट अमेरिकेहून जहाजातून बर्फ उतरला, न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला. मुंबईत जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं तेव्हा यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. बर्फाची ही कहाणी दांडा फिरवताना सांगायला फार चांगली, कारण ती ऐकत कोणीही आपली पाळी सोडून उठत नाही.

फिरवायचं कसं? पहिली दहा मिनिटं हलक्या हातानं, सारख्या गतीनं. मुलांना हीच पाळी द्या. मग दांडा जड व्हायला लागतो, तेव्हा तरुण बसतात. शेवटची पाच मिनिटं खरी ताकदीची, एकानं बादली दाबून धरायची. तीस-चाळीस मिनिटांत दांडा सरकेनासा झाला की पातं काढून घ्या, झाकण लावून पुन्हा बर्फ-मीठ भरा, वर गोणपाट पसरा आणि तासभर मुरू द्या. या तासात घर दाखवायचं.

घर दाखवताना साहेबाच्या दिवाणखान्यापाशी जास्त रेंगाळू नका. भिंतीत वरच्या बाजूला पंख्याच्या दोरीचं भोक शिल्लक आहे का बघा. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला व्हरांड्यात बसून रात्रभर पाय हलवणारा एक माणूस होता. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारणारा दुसरा होता. मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्या असतील तर तिथे सगळ्यांना न्या आणि तिथेच जरा बसवा. साहेब गेले, त्यांची नावं कबरींवर आणि चर्चच्या नोंदींत सापडतात. खानसामे, भिश्ती, धोबी, आया यांची घरं मात्र छावणीत, भावसिंगपुऱ्यात, पडेगावला नांदती आहेत. निमंत्रण द्यायला त्यांच्या घरी स्वतः जा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्या घरातल्या कोणाला बोलतं करायचं असेल तर दख्खनीत बोला, चुकलात तरी हसून सांभाळून घेतील.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं ठरतं. ‘पूर्वी कसं होतं हो?’ असं विचारलं तर ‘पूर्वी फार छान होतं’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा बारीक, हातात धरता येईल असं विचारा. घरात वीज आली तेव्हा पहिला दिवा कोणत्या खोलीत लागला? निजामाचा हाली सिक्का जाऊन कलदार रुपया आला, तेव्हा वाण्याच्या हिशोबाचं काय झालं? करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून नगरकडून काय लपवून आणत? लोखंडी पुलावरून खाम नदीचा पूर कधी गेला? गल्लीत पहिला फ्रिज कोणाकडे आला आणि मग त्या घरी किती वाट्या बर्फ मागायला जात? शेवटचा प्रश्न कधीच वाया जात नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. नकार आला तर फोन खिशात. जुने फोटो, पत्रं, रेशनकार्डं पाहुण्यांना बरोबर आणायला सांगा, पण घरी नेऊन स्कॅन करून देतो असं म्हणू नका, कारण तशी नेलेली वस्तू परत जात नाही. व्हरांड्यातल्या उजेडात एक टेबल मांडा, तिथेच फोनवर फोटो काढा आणि मूळ कागद लगेच आणणाऱ्याच्या हातात द्या. फोटोच्या पाठीमागे नावं लिहायची तर शिसपेन्सिलीनं, बॉलपेनचा दाब आणि शाई दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात. आणि स्वयंपाकाच्या वह्या विसरू नका. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या हस्ताक्षरातली आइस्क्रीमची कृती लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवली आहे. एखाद्या आजीच्या वहीत आइस्क्रीमच्या कृतीशेजारी दुधाचा भाव आणि बर्फाचे पैसे लिहिलेले असतील, तर त्या पानाचं मोल तेवढंच आहे.

वाढायला स्टीलच्या वाट्या घ्या, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये घालून ठेवलेल्या. कमी पडेल अशी धास्ती असेल तर राखीव म्हणून बाजारातलं थोडं आणून ठेवा, पण डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ हे वाचून घ्या, दुसऱ्यात दुधातल्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. मधुमेही पाहुणे बरेच असतील, त्यांच्यासाठी साधं गार सायीचं दूध वेगळं ठेवलं तर ते मुकाट्यानं पितील आणि नंतर दोन चमचे आइस्क्रीमही खातील. थांबवू नका.

राहिला एकच वाद, पातं चाटायचा. डब्यातून काढलेल्या लाकडी पात्याला चिकटलेलं आइस्क्रीम कोणाचं, यावरून भावाभावांत अबोले झालेले आहेत. हे आधीच ठरवून टाका. आमच्याकडे ते शेवटची पाच मिनिटं दांडा ओढणाऱ्याला मिळायचं, आणि तो ते धाकट्या बहिणीला देऊन टाकायचा, कारण दंड इतके भरून आलेले असायचे की त्याला पातं धरवत नसे.